सोलापूर ते अमेरिका, इकॉनॉमीच्या खुर्चीतून: घराला कुलूप लावल्यापासूनची तयारी

सोलापूरहून अमेरिकेला निघालेल्या माणसाचा प्रवास मुंबईत विमान सुटतं तेव्हा सुरू होत नाही. हिशोब मांडून बघा. सकाळी सहाच्या सुमाराची वंदे भारत पकडली की दुपारी साडेबाराच्या आसपास मुंबई. विमान मध्यरात्रीनंतर दोनचं. न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कचं थेट विमान असलं तरी हवेत पंधरा-सोळा तास. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा. घर सोडल्यापासून मुलगा गेटवर दिसेपर्यंत छत्तीस-सदतीस तास होतात, आणि त्यातले किमान बावीस तास बसून काढायचे असतात. विमानातल्या शेवटच्या पाच तासांत जो जीव नकोसा होतो, त्याची उधारी आधीच्या वीस तासांत झालेली असते. त्यामुळे खुर्चीत बसल्यावर काय करायचं यापेक्षा त्याआधी काय करायचं, यावर इथे जास्त लिहिलं आहे.

तिकीट काढताना

आधी तारीख. १५ तारखेला रात्री १.४५चं विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्री नऊ-दहाला विमानतळावर हजर. ही चूक शिकल्यासवरल्या घरांतही होते. पंधराच्या रात्री बॅगा घेऊन पोचतात तेव्हा विमान जाऊन वीस तास झालेले असतात. तिकीट हातात आलं की कॅलेंडरवर 'घरातून निघायची' तारीख लिहा, विमानाची नव्हे.

मग थेट विमान की मध्ये थांबा? आखातात थांबा घेतला की प्रवासाचे दोन तुकडे होतात, असं सगळे सांगतात. तुकडे होतात, पण ते सारखे नसतात. मुंबई ते दुबई जेमतेम तीन-सव्वातीन तास आणि तिथून न्यूयॉर्क चौदा तास. पायांच्या दृष्टीने यात फार काही साधलं नाही. युरोपातून गेलात तर नऊ-दहा तास आणि पुढे आठ तास, अशी खरी विभागणी होते. गुडघे, कंबर किंवा पायाच्या शिरांचा त्रास असणाऱ्याने युरोपचा मार्ग जरूर बघावा. फक्त नुसतं विमान बदलायलाही त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे पैसे भरण्याआधी विमान कंपनीकडून पक्कं करून घ्यावं. एकट्याने जाणाऱ्या आणि मोठ्या विमानतळाची धास्ती असणाऱ्या आईसाठी मात्र थेट विमानच बरं. चार तास जास्त बसणं परवडतं, अनोळखी विमानतळावर गेट शोधत धावणं परवडत नाही.

थांबा घेतलाच तर तो तीन तासांचा तरी असावा आणि दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असावीत. वेगवेगळी तिकिटं काढून चार पैसे वाचतात, पण पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. अमेरिकेत पोचल्यावर पुढे आणखी एक विमान असेल, तर बॅगेवर शेवटच्या शहराचा टॅग असला तरी पहिल्या विमानतळावर ती सहसा स्वतः उतरवून, कस्टममधून नेऊन पुन्हा द्यावी लागते. तिथेही तीन तास हवेत.

सोलापूरकरांसाठी आणखी एक पर्याय आहे, ज्याचा विचार कमी होतो: हैदराबाद. अंतर साधारण ३०० किलोमीटर, मुंबई त्याहून शंभरेक किलोमीटर लांब. ६५ नंबरच्या महामार्गाने गेलं की पटनचेरूजवळ आउटर रिंग रोडला लागून शहरात न शिरता थेट शमशाबादच्या विमानतळावर पोचता येतं. आखाती कंपन्यांची विमानं तिथूनही सुटतात. दोन्हीकडचं भाडं आणि वेळ बघून ठरवा. होटगी रस्त्यावरच्या आपल्या विमानतळावरून मुंबईचं विमान मिळत असेल, तरी ते वेगळं तिकीट असतं आणि त्यावर अमेरिकेइतकं सामान चालत नाही, हे लक्षात असू द्या. आणि मुंबईचं तिकीट असेल तर विमानतळाचं नाव नीट वाचा. आता नवी मुंबईलाही विमानतळ सुरू झालेला आहे.

खुर्चीची निवड

इकॉनॉमीत एका रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंतचं अंतर बहुतेक ३१-३२ इंच असतं आणि खुर्चीची रुंदी १७ ते १८ इंच. एक इंच ऐकायला किरकोळ वाटतो, पण शेजाऱ्याच्या कोपराशी पंधरा तास भांडायचं की नाही, ते तोच ठरवतो. बोइंग ७७७ मध्ये रांगेत तीन-चार-तीन अशा दहा खुर्च्या असतील तर रुंदी १७ च्या आसपास मिळते. एअरबस ए३५० मध्ये तीन-तीन-तीन असतील तर १८ च्या जवळ. तिकीट शोधताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघायची सवय लावा.

खिडकीचं आकर्षण तिशीपर्यंत ठीक. साठीनंतर, मधुमेह किंवा प्रोस्टेटची तक्रार असेल तर तिशीतही, कडेची, म्हणजे वाटेलगतची खुर्चीच घ्यावी. नाहीतर माणूस दोघांना उठवायला नको म्हणून पाणी पीत नाही, लघवी धरून ठेवतो आणि हलत नाही. तिन्ही गोष्टी घातक. जोडीने जात असाल तर दहा खुर्च्यांच्या रांगेत सी आणि डी घ्या: दोघांनाही कडेची जागा, मध्ये फक्त वाट, गप्पाही होतात.

सगळ्यात पुढची, भिंतीसमोरची जागा पाय पसरायला छान दिसते. पण तिथे टेबल हाताच्या दांडीत असल्याने दांडी वर होत नाही, खुर्ची अरुंद होते, पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत आणि तान्ह्या बाळांचे पाळणे तिथेच लावतात. इमर्जन्सी दाराजवळची जागा मोकळी असते, पण संकटात मदत करू शकेल अशा धडधाकट माणसालाच देतात. व्हीलचेअर मागितली असेल तर ही जागा विसरा. सगळ्यात मागची रांग टाळा, तिथली पाठ अनेकदा मागे झुकत नाही. संडासापासून तीन-चार रांगा लांब, पंखांच्या आसपास, कडेला: ही सगळ्यात चांगली जागा. तिथे हेलकावेही कमी जाणवतात. पैसे भरून आधी निवडायची नसेल, तर ऑनलाइन चेक-इन उघडतं (बहुतेक २४ ते ४८ तास आधी) त्या मिनिटाला फोन हातात हवा.

व्हीलचेअर हवी असेल तर किमान ४८ तास आधी नोंदवावी. ज्यांना चालता येतं त्यांनी केवळ इंग्रजीच्या धास्तीने ती घेण्याबद्दल आमचं मत थोडं वेगळं आहे. मदतनीस मिळतो हे खरं, पण पाय मोकळे करायची हक्काची संधीही जाते. घेतलीत तर थांब्याच्या ठिकाणी तरी उठून शंभर पावलं चाला.

जेवणाचा कोड

शाकाहारी माणसाची सर्वात मोठी फसगत इथे होते. 'हिंदू मील' हा पर्याय बघून लोक बिनधास्त टिचकी मारतात. त्याचा कोड एचएनएमएल, आणि त्यात कोंबडी, मटण, मासे असू शकतात. गोमांस नसतं एवढंच. आपल्या पद्धतीचं शाकाहारी हवं असेल तर कोड एव्हीएमएल. जैन जेवणाचा व्हीजेएमएल. व्हीजीएमएल मागितलंत तर विगन मिळेल, म्हणजे दही नाही, दूध नाही, आणि बऱ्याचदा नुसत्या उकडलेल्या भाज्या. मधुमेहींसाठी डीबीएमएल आहे, पण ते शाकाहारी असेलच असं नाही. उड्डाणाच्या किमान २४ तास आधी नोंद हवी. ४८ तास धरून चाला. हे जेवण खुर्चीच्या नंबरावर येतं. जागा बदललीत तर विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगा, नाहीतर तुमचं ताट जुन्या खुर्चीवरचा माणूस खाईल.

औषधं आणि पायमोजे

रोजची औषधं हातातल्या पिशवीत, मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. डबीत काढून मिसळलेल्या गोळ्या कस्टमला समजावत बसावं लागतं. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नका, तिथल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकतं. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, त्यामुळे 'सकाळची गोळी' नेमकी कधी, हा गोंधळ उडतो. निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून घड्याळाऐवजी तासांच्या अंतराने वेळापत्रक लिहून घ्या, विशेषतः इन्सुलिन, रक्तदाब आणि लघवी जास्त करणाऱ्या गोळ्यांचं.

चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसलं की पोटरीतलं रक्त साकळून गुठळी होण्याचा धोका वाढतो. पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर ढकललं जातं. ते हललेच नाहीत तर रक्त तिथेच तुंबतं. आधी गुठळी झालेली, नुकतंच ऑपरेशन झालेलं, कॅन्सरचे उपचार, गरोदरपण, हार्मोनच्या गोळ्या, जास्त वजन, जास्त वय, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय निघू नका. कुणाचं ऐकून ॲस्पिरिन स्वतःहून सुरू करू नका.

बाकीच्यांनाही गुडघ्यापर्यंतच्या दाबाच्या मोज्यांचा उपयोग होतो. सर्जिकलच्या दुकानात १५ ते ३० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाचे मिळतात. माप बुटाच्या नंबरावरून नाही, घोट्याच्या आणि पोटरीच्या घेरावरून घ्यायचं, तेही सकाळी, पाय सुजण्याआधी. घालताना आतून टाच पकडून मोजा उलटा करा, पाऊल नीट बसवा, मग वर सरकवा. गुडघ्याखाली जास्तीचा भाग दुमडू नका, ती घडी दोरीसारखी आवळते आणि नेमकं उलटं काम करते. मधुमेहाने पावलांची संवेदना कमी झाली असेल किंवा पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर आधी विचारा, मगच घाला.

पिशव्या भरताना

हातातली पिशवी बहुतेक कंपन्यांत ७-८ किलोची. तिच्यात आणखी एक छोटी पिशवी ठेवा, जी समोरच्या खुर्चीखाली पायाशी राहील: औषधं, चष्मा, पातळ कानटोपी, कानातले बोळे, डोळ्यांची पट्टी, व्हॅसलीनची डबी, ओले रुमाल, पेन, मुलाचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला कागद, आणि दोन रिकाम्या बाटल्या, एक पिण्याची, एक संडासासाठी. वरच्या कप्प्यातून दर तासाला काही काढायचं म्हटलं की माणूस काढतच नाही.

सोलापुरी चादर अंगावर घ्यायचा मोह होईल. उबेला तिच्या तोडीचं काही नाही, पण वजन आणि जागा बघता ती मोठ्या बॅगेत जाऊ द्या. हातात मऊ सुती पंचा किंवा शाल ठेवा. कपडे सैल, थरांचे. मे महिन्यात सोलापुरात ४३ अंश असलं तरी विमानात पहाटे कुडकुडायला होतं. साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीची. कमरेला घट्ट इलॅस्टिक नको, कारण पोट फुगणार आहे (का, ते पुढे). बूट वेल्क्रोचे किंवा नाडीचे, किंचित ढगळ. पाय सुजले की घट्ट बूट उतरताना चढत नाहीत.

शेंगा चटणीशिवाय सोलापूरकर निघत नाही. ती मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत सील करून. अमेरिकेच्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असली की वेगळी तपासणी होते आणि पूड अडकू शकते. सुकं खोबरं मोठ्या बॅगेतही नेऊ देत नाहीत, त्यात तेल असतं आणि ते आपोआप तापून पेट घेण्याचा धोका असतो. खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा. हातात कडक भाकरी, कोरडे धपाटे चालतील. पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला प्रवासी जवळपास आहे अशी घोषणा झाली, तर चटणीची पुडी उघडू नका. शेंगदाण्याने एखाद्याचा श्वास खरोखर बंद पडू शकतो.

पॉवरबँक हातातल्या पिशवीतच, मोठ्या बॅगेत नाही. २०,००० एमएएचपर्यंतची अडत नाही. पण विमानात ती वापरू न देणाऱ्या कंपन्या वाढल्यात, म्हणून फोन गेटवरच पूर्ण भरून घ्या.

सोलापूर ते टर्मिनल २

गाडीने जाण्यापेक्षा रेल्वे बरी. चारशे किलोमीटर गाडीत गुडघे दुमडून गेलात की विमानाआधीच पाय भरून येतात; रेल्वेत उठून डब्याच्या दारापर्यंत फेऱ्या तरी मारता येतात. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस घेतली तर आडवं होऊन झोप मिळते आणि सकाळी मुंबईत पोचल्यावर पूर्ण दिवस हाताशी राहतो. दोन्ही गाड्यांना दादर आहे, तिथे उतरणं विमानतळाला सोयीचं.

तो दिवस नातेवाइकांना भेटण्यात घालवू नका. आत्याकडे जा, पण दुपारी तीन तास आडवं व्हा, पायाखाली दोन उश्या घेऊन. नातलग नसतील तर अंधेरीत खोली घ्या. हे पैसे वायफळ नाहीत. जेवण रात्री आठला, घरचं, हलकं. विमानात पहिलं जेवण पहाटे तीनला येतं, ती काही आपली जेवायची वेळ नाही. पोट आधीच भरलेलं असेल तर ते नाकारून झोपता येतं.

विमानात

बसल्याबसल्या चार कामं. घड्याळ उतरण्याच्या ठिकाणच्या वेळेवर लावा (न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा). दिलेली छोटी उशी मानेखाली न घेता कमरेच्या खोलगट भागात ठेवा; मानेसाठी पंच्याची गुंडाळी पुरते. उंची कमी असेल आणि पाय लोंबकळत असतील तर छोटी पिशवी पावलांखाली घ्या, नाहीतर खुर्चीची कड मांडीच्या मागची शीर दाबत राहते. आणि पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा, म्हणजे हेलकाव्यांच्या वेळी तो तपासायला कुणी उठवणार नाही.

विमान उंच गेलं तरी आतला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितकाच ठेवलेला असतो. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर. म्हणजे तुम्ही त्याहून बऱ्याच उंच डोंगरावर बसलेले असता. तिथे पोटातला वायू पसरतो, पोट डब्ब होतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवसापासून पिठलं, उसळी, कोबी, राजमा बंद. विमानात सोडा आणि कोल्ड्रिंकही नको.

हवा कोरडी असते, सोलापूरच्या उन्हाळ्याहूनही. तासाला एक कप पाणी, घोटघोट. लिटरभर एकदम प्यायलं की ते सरळ खाली जातं. सुरक्षा तपासणीत पिण्याची बाटली रिकामी ठेवा, आत भरून घ्या. विमानातल्या कर्मचाऱ्यांकडूनही भरून मिळते. नाकपुड्यांच्या आत व्हॅसलीनचं बोट फिरवा, नाक कमी कोरडं पडतं. फुकट मिळणारी दारू आणि झोपेची गोळी, दोन्ही टाळा. गोळी घेऊन सहा तास निश्चल पडलेला माणूस म्हणजे गुठळीला आमंत्रण.

झोप दोन तुकड्यांत घ्या. मध्यरात्री दोनला निघालेल्या थेट विमानात न्यूयॉर्कला (उन्हाळ्यात) दुपारचे साडेचार वाजलेले असतात. पहिले तीन-चार तास शरीराची मागणी म्हणून झोपा, मग उठून पाय मोकळे करा, काही खा, एखादा सिनेमा बघा, आणि शेवटच्या सहा-सात तासांत पुन्हा झोपा. तेव्हा तिथे खरी रात्र असते. साठीपुढच्यांनी इतकं काटेकोर राहू नये. डोळा लागेल तेव्हा लागू द्या.

जागे असाल तेव्हा दर तासाला: टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, वीस वेळा. घोटे दोन्ही दिशांनी दहा-दहा वेळा फिरवा. एकेक गुडघा छातीकडे उचला, दहा वेळा. दर दोन तासांनी उठून मागच्या दारापर्यंत जा आणि तिथल्या मोकळ्या जागेत पाच मिनिटं टाचा उचलत उभे राहा. पाय दुमडून किंवा पायावर पाय टाकून बसू नका.

संडासाचं दार पहिल्यांदा जाणाऱ्याला चकवतं. मूठ शोधू नका, मधल्या घडीवर दाबा, ते आत दुमडतं. आत गेल्यावर कडी पूर्ण सरकवली की मगच मोठा दिवा लागतो. अंधुक प्रकाश असेल तर दार बंद झालेलं नाही. पाण्याचा नळ किंवा जेट नसतो, कागद असतो. ती दुसरी रिकामी बाटली बेसिनमध्ये भरून घ्या, म्हणजे सोय होते. ओले रुमाल भांड्यात नाही, कचऱ्याच्या झाकणात. फ्लशचा आवाज दचकवणारा असतो, झाकण लावून दाबा. अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर जाऊ नका. खाली जे ओलं असतं ते नेहमी पाणी नसतं. ताटं गोळा झाली की लांब रांग लागते, म्हणून जेवणाची गाडी तुमच्यापर्यंत यायच्या आधीच जाऊन या.

उतरताना अर्धा तास आधीपासून जागे राहा. विमान खाली येताना कान दडतात. झोपेत गिळणं होत नाही आणि कान दुखतो. लिमलेटची गोळी चघळा, किंवा नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकला. जोर लावू नका. सर्दी असेल तर नाक मोकळं करणारे थेंब उतरण्याच्या अर्धा तास आधी. रक्तदाब असेल तर डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तरच.

उतरल्यावर

सगळे उठून उभे राहतात तेव्हा बसून राहा, मोजे तसेच असू द्या. खाण्याचे पदार्थ आहेत का, असं अधिकाऱ्याने विचारलं तर खरं सांगा: आहेत. चटणी सांगितली तर बहुतेक जाऊ देतात, लपवली तर दंड होऊ शकतो.

सकाळी पोचलात तर झोपू नका. आंघोळ, थोडं खाणं आणि अर्धा-एक तास उन्हात चालणं. दुपारी फार तर तासभर, गजर लावून. शरीराचं घड्याळ बसायला वेळेतल्या फरकाच्या दर तासाला साधारण एक दिवस धरा; पहिला आठवडा पहाटे तीनला जाग येणारच.

दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर ते एक-दोन दिवसांत ओसरतात. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर वाट बघू नका. पोचून दोन आठवडे झाले असले तरी ते प्रवासाचंच असू शकतं. अमेरिकेत ९११ लावा. प्रवास विम्याचा नंबर मुलाच्या फोनमध्ये आणि फ्रिजवरही लावून ठेवा, कारण हे बहुतेक तो ऑफिसात असतानाच होतं.